अँटेनाचं नाव ‘अननोन’ ठेवलं आणि उंची ६ सेंटिमीटर चढली: सांगलीतला अनुभव आणि कॅलिब्रेशनची चर्चा

कृष्णाकाठ:

नमस्कार मंडळी. सांगलीत गेली १९ वर्षं सर्व्हेचं काम करतोय. हा धागा बरेच दिवस मनात होता. ज्या चुकीनं माझी झोप उडवली, ती आपल्याकडं सर्रास होते आणि बहुतेकदा कुणाच्या ध्यानातही येत नाही.

२०१९ च्या पुरानंतरची गोष्ट. आयर्विन पुलापाशी धोका पातळी ४५ फूट, आणि त्या वर्षी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. ओसरल्यावर घराघरांच्या भिंतींवर जी मातकट रेघ राहिली, तिची उंची ठिकठिकाणी घ्यायचं काम माझ्याकडं आलं. काम जीपीएसनं: बेस, म्हणजे एका जागी स्थिर ठेवलेला रिसीव्हर, विश्रामबागेत एका गच्चीवर; रोव्हर, म्हणजे पॉइंट ते पॉइंट हिंडवायचा रिसीव्हर, पोलवर; प्रोसेसिंग रात्री ऑफिसात. पहिल्या दिवशी माझा स्वतःचा रोव्हर होता. दुसऱ्या दिवशी त्याची बॅटरी गेली म्हणून दुसऱ्या कंपनीचा भाड्यानं आणला.

पहिल्या दिवसाचे सात पॉइंट दुसऱ्या दिवशी पुन्हा घेतले होते. सातही ठिकाणी आडवी जागा सेंटिमीटरच्या आत जुळली. उंची मात्र सातही ठिकाणी ५ ते ६ सेंटिमीटर जास्त. एकही पॉइंट खाली नाही, सगळे वरच.

आधी पोलवर संशय घेतला. पोल बरोबर होता. मग ऑटो लेव्हल, म्हणजे उंचीतला फरक मोजायची दुर्बीण, काढली. दुसऱ्या दिवसाच्या दोन पॉइंटमधला फरक लेव्हलनं तपासला, तर तोही बरोबर! इथंच मी फसलो होतो. चूक सगळ्या पॉइंटमध्ये सारखीच असेल तर एकाच दिवसाचे पॉइंट आपसात जुळणारच. शेवटी पहिल्या दिवसाचा एक आणि जवळच दुसऱ्या दिवसाचा एक अशी जोडी धरून लेव्हल फिरवली, तेव्हा ५८ मिलिमीटरचा फरक उघडा पडला.

कारण प्रोसेसिंगच्या एका रकान्यात होतं. भाड्याच्या रोव्हरच्या अँटेनाचं नाव सॉफ्टवेअरच्या यादीत नव्हतं, भाड्यानं देणाऱ्यानंही सांगितलं नव्हतं, आणि सॉफ्टवेअरनं ‘अननोन’ धरून सगळी दुरुस्ती शून्य केली होती. नाव आणि त्या अँटेनाची कॅलिब्रेशन फाईल घातल्यावर फरक ८ मिलिमीटरवर आला.

कुणी म्हणेल ६ सेंटिमीटरनं काय होतंय. सांगलीच्या सपाट गल्लीत २ इंच पाणी म्हणजे उंबऱ्याच्या आत की बाहेर, एवढा फरक. पुराची निळी रेषा, लाल रेषा ज्या उंच्यांवरून आखतात, त्यात ही चूक शिरली तर कुणाचं तरी घर रेषेच्या चुकीच्या बाजूला जाणार.

हे असं का होतं ते सांगतो. आपण पोलची उंची अँटेनाच्या तळापर्यंत धरतो, म्हणजे ५/८ इंची बोल्ट बसतो त्या सपाट भागापर्यंत. त्याला अँटेना रेफरन्स पॉइंट म्हणतात. पण उपग्रहापासून मोजलेलं अंतर तिथपर्यंतचं नसतं. ते असतं फेज सेंटरपर्यंतचं, म्हणजे सिग्नल जिथं पकडला जातो असं धरतात त्या बिंदूपर्यंतचं. हे डब्याच्या आत, तळापासून काही सेंटिमीटर वर असतं आणि तिथं टेप पोचत नाही. उपग्रहाच्या दोन फ्रिक्वेन्सी, एल१ आणि एल२; एल१ चं वेगळं, एल२ चं वेगळं. त्यातही ते एका जागी ठरत नाही. उपग्रह डोक्यावर असताना एकीकडं, क्षितिजाकडं उतरला की काही मिलिमीटर दुसरीकडं. म्हणून दुरुस्तीचे दोन भाग असतात. एक सरासरी फेज सेंटरचं ऑफसेट, उत्तर, पूर्व आणि वर असं तीन आकड्यांत. दुसरा भाग दिशेप्रमाणं होणारा बदल, म्हणजे फेज सेंटर व्हेरिएशन.

दुसऱ्या दिवशी दुरुस्ती शून्य असल्यानं सॉफ्टवेअरनं फेज सेंटरलाच तळ समजून त्यातून पोलची उंची वजा केली. फेज सेंटर जेवढं वर, तेवढा माझा पॉइंट वर गेला.

द्राक्षबाग:

दादा, तासगावजवळ आमची बाग आहे. नवीन लागणीच्या ओळी आरटीकेनं आखतो, म्हणजे बेसकडून दुरुस्ती घेऊन जागेवरच सेंटिमीटरचं माप देणाऱ्या जीपीएसनं. माझ्या स्क्रीनवर फिक्स, म्हणजे पक्कं उत्तर, आला की उंचीपुढं १५ मिलिमीटर, आडव्याला ८ मिलिमीटर असं दिसतं. मग ६ सेंटिमीटरची चूक त्याला दिसत कशी नाही?

कृष्णाकाठ:

स्क्रीनवरचा आकडा म्हणजे लागोपाठची मापं एकमेकांच्या किती जवळ पडताहेत त्याचा अंदाज. सगळी मापं एकदम ६ सेंटिमीटर वर सरकली तरी ती एकमेकांच्या जवळच राहणार. रिसीव्हरला ते कळायला मार्गच नाही.

तुमच्या ओळींसाठी मात्र याची चिंता करू नका. बेस तोच, रोव्हर तोच, आणि तुम्हाला ओळ ते ओळ अंतर हवंय. सारखी चूक वजाबाकीत निघून जाते. फक्त बेसची अँटेना बदललीत तर सावध राहा.

लेव्हल_सातारा:

मी साताऱ्यात सिव्हिलला आहे, पाइपलाइनच्या कामांवर लेव्हल बघते. एक शंका. बेस आणि रोव्हर एकाच मॉडेलचे असतील तर दोन्हीकडची चूक सारखी, म्हणजे ती आपोआप कटणार ना? मग कॅलिब्रेशन फाईल घालायची गरज कुठं उरते?

कृष्णाकाठ:

ताई, जवळच्या अंतरावर कटते, तीही दोन्ही अँटेना एकाच दिशेला तोंड करून बसवल्या तरच. प्रत्येक अँटेनावर उत्तरेची खूण ठरलेली असते, बाण किंवा केबलचं तोंड. दोन्हींची खूण उत्तरेला ठेवायची. त्यात ५ अंश इकडं-तिकडं झालं तरी चालतं, कारण २ मिलिमीटरच्या आडव्या ऑफसेटवर त्याचा परिणाम ०.२ मिलिमीटरसुद्धा होत नाही. पण एक उत्तरेला आणि एक दक्षिणेला ठेवलीत तर तेच २ मिलिमीटर दुप्पट होऊन हातात येतात.

लांब अंतराला गोष्ट बदलते. पृथ्वी गोल आहे. १०० किलोमीटर अंतरावरच्या दोन अँटेना एकाच उपग्रहाकडं बघतात तेव्हा दोघींच्या ‘वर’ या दिशेतच जवळजवळ १ अंशाचा फरक असतो. मग एकाच मॉडेलचा दिशेप्रमाणं होणारा बदलही पुरता कटत नाही. सर्व्हे ऑफ इंडियाच्या कॉर्स स्टेशनवरून, म्हणजे कायम चालू असलेल्या बेसवरून, काम करताना तर तिकडची अँटेना आणि तुमची अँटेना एक असण्याचा प्रश्नच येत नाही.

कराडकर_परदेशी:

मूळचा कराडचा, सध्या जर्मनीत जिओडेसी, म्हणजे पृथ्वीच्या मोजमापाचं शास्त्र, शिकतोय. धागा वाचून राहवलं नाही. हे कॅलिब्रेशन करतात कसं, ते थोडं लिहितो.

पूर्वी सापेक्ष पद्धत होती. डॉर्न मार्गोलिन चोक रिंग ही धातूच्या कड्यांची अँटेना संदर्भ म्हणून धरायची, तिचा दिशेप्रमाणं होणारा बदल शून्य मानायचा, आणि बाकीच्या अँटेना तिच्याशेजारी ठेवून फरक काढायचा. पण त्या चोक रिंगचा बदलही शून्य नाही. जवळच्या कामाला ते खपून जातं, खंडाच्या मापाच्या जाळ्यात खपत नाही. म्हणून आयजीएस या उपग्रह-मापनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेनं ५ नोव्हेंबर २००६ पासून निरपेक्ष कॅलिब्रेशन स्वीकारलं आणि त्याबरोबर उपग्रहांवरच्या अँटेनांच्या दुरुस्त्याही. हो, तिकडं वर असलेल्या अँटेनालाही फेज सेंटर असतंच. सध्याची फाईल आयजीएस२०, नोव्हेंबर २०२२ पासून वापरात आहे.

निरपेक्ष पद्धतीचे दोन मार्ग. पहिला रोबोटचा. हॅनोव्हरचं विद्यापीठ आणि शेजारच्या गार्ब्सेनमधली जिओ++ ही कंपनी यांनी तो घडवला. उघड्या आकाशाखाली रोबोटच्या हातावर अँटेना बसवतात आणि हात तिला दर काही सेकंदांनी फिरवतो, कलंडवतो. जवळ दुसरी अँटेना स्थिर असते. हात हलतो तेव्हा आजूबाजूच्या भिंतींवरून परतणारा सिग्नल एवढ्या थोड्या वेळात फारसा बदलत नाही, त्यामुळं लागोपाठच्या दोन स्थितींच्या वजाबाकीत तो बराचसा गळून पडतो. उरतो तो अँटेनाचा स्वतःचा स्वभाव. कलंडवल्यामुळं खालच्या कोनातली मापंही भरपूर मिळतात, जी जमिनीवर सरळ ठेवलेल्या अँटेनाला नीट मिळत नाहीत.

दुसरा मार्ग बंद खोलीचा. बॉन विद्यापीठात तशी खोली आहे. भिंतींना लहरी शोषणारे निमुळते फोमचे सुळके, एका टोकाला सिग्नल सोडणारा स्रोत, दुसऱ्या टोकाला फिरणारी अँटेना. इथं उपग्रह आकाशात असण्याची वाट बघावी लागत नाही, हवी ती फ्रिक्वेन्सी लावता येते. अमेरिकेत एनजीएसचं, म्हणजे तिथल्या सरकारी जिओडेसी खात्याचं, केंद्र व्हर्जिनियातल्या कॉर्बिनला आहे, तिथंही रोबोट आहे.

मला शिकताना सगळ्यात विशेष वाटलेली बाब अशी, की सगळ्या दिशांना सारखाच असलेला भाग या रोबोटला मोजताच येत नाही. तो थेट रिसीव्हरच्या घड्याळाच्या चुकीत मिसळतो. म्हणून डोक्यावरच्या दिशेचा बदल शून्य धरून बाकी सगळं त्याच्या तुलनेत लिहितात.

द्राक्षबाग:

म्हणजे फाईलमधले आकडे आपल्याच अँटेनाचे असतात, की त्या मॉडेलचे?

कराडकर_परदेशी:

बहुतेकदा मॉडेलचे. एकाच प्रकारच्या काही अँटेना मोजून त्यांची सरासरी देतात. चांगल्या बनावटीच्या अँटेनात एक नग आणि दुसरा नग यातला फरक सहसा एखाद-दोन मिलिमीटरचा असतो, त्यामुळं ती सरासरी चालते. ज्यांना त्याहून बारीक हवं ते आपला नग पाठवून त्याचं वेगळं कॅलिब्रेशन करून घेतात.

कृष्णाकाठ:

फाईल कशी वाचायची तेही लिहितो, कारण ती उघडली की आकड्यांच्या भिंतीनं माणूस घाबरतो. नोटपॅडमध्ये उघडते, साधा मजकूर आहे. फॉर्मॅटचं नाव अँटेक्स. प्रत्येक अँटेनाचं नाव २० अक्षरांच्या जागेत, त्यातली शेवटची चार अक्षरं घुमटाची, म्हणजे रेडोमची. ही चार अक्षरं सोडून पुढं जाऊ नका. तीच अँटेना घुमटासह वेगळी वागते आणि घुमटाशिवाय वेगळी. मग प्रत्येक फ्रिक्वेन्सीचा भाग. त्यात पहिल्यांदा उत्तर, पूर्व, वर असे तीन आकडे मिलिमीटरमध्ये. खाली एक ओळ फक्त उपग्रहाच्या उंचीप्रमाणं (आकाशातल्या कोनाप्रमाणं), आणि त्याखाली दिशावार तक्ता, बहुतेक फाईलींत ५-५ अंशांनी.

आता एक हिशोब दाखवतो, तो मी स्वतः कागदावर मांडला तेव्हा चमकलो होतो. लांब बेसलाइनला, म्हणजे बेस आणि रोव्हर लांब असताना, आयनोस्फिअरचा (वरच्या विद्युतभारित हवेचा) परिणाम काढायला एल१ आणि एल२ एकत्र करतात: २.५४६ गुणिले एल१, वजा १.५४६ गुणिले एल२. समजा एका अँटेनाचं ‘वर’ ऑफसेट एल१ ला ८५ आणि एल२ ला ९५ मिलिमीटर आहे. एकत्र केल्यावर येतं ६९.५. म्हणजे ज्या बिंदूची उंची सॉफ्टवेअर काढतंय तो या दोन्हींच्या खाली आहे, मधे नाही! एल१ च्या ऑफसेटमध्ये १ मिलिमीटरची चूक केलीत तर उत्तरात अडीच होते. ‘एल१ चं ऑफसेट सगळीकडं वापरलं, थोडंच काय बिघडतंय’ असं म्हणणाऱ्यांनी हा हिशोब एकदा मांडून बघावा.

शिवाय लांब बेसलाइनला वातावरणातल्या ओलाव्याचाही अंदाज सोबत काढतात. त्या अंदाजात आणि उपग्रहाच्या उंचीप्रमाणं होणाऱ्या बदलात साधर्म्य आहे. त्यामुळं काही मिलिमीटरची दुर्लक्षिलेली दुरुस्ती उंचीत कित्येक सेंटिमीटरची होऊन बाहेर पडते. वेगवेगळ्या कंपन्यांच्या अँटेना मिसळल्यावर तर हमखास.

पाटण_खोरं:

कोयनेच्या बाजूला राहतो म्हणून वेगळ्या अंगानं लिहितो. ११ डिसेंबर १९६७ चा भूकंप आमच्या घरातल्या मोठ्यांनी अनुभवलाय, त्यामुळं जमीन सरकते म्हणजे काय ते इथं कुणाला समजावून सांगावं लागत नाही. वर्षानुवर्षं एकाच खांबावर अँटेना ठेवून सरकणं मोजतात, तेव्हा मधेच अँटेना बदलली तर आलेखात पायरी पडते. ती पायरी जमिनीची नाही, अँटेनाची आहे, हे नोंदीवाचून कळणार कसं?

मापाचा अंदाज यावा म्हणून सांगतो. भारताची प्लेट जागतिक चौकटीत वर्षाला साधारण ५ सेंटिमीटर ईशान्येला जाते. हे सरकणं सगळ्यांचं एकत्र. त्यातून खोऱ्यातलं, फॉल्टच्या अल्याड-पल्याडचं वेगळं सरकणं शोधायचं म्हणजे वर्षाला मिलिमीटरची भाषा. तिथं १ सेंटिमीटरची खोटी पायरी कित्येक वर्षांची मापं झाकून टाकेल. म्हणून खांबावरचा घुमट फुटला आणि दुसऱ्या प्रकारचा बसवला, एवढी साधी घटनाही तारखेसह लिहून ठेवायला हवी.

कृष्णाकाठ:

पाटणकर, हे फार मोलाचं लिहिलंत. आमच्याकडं लोक पोलची उंची लिहितात, अँटेनाचं पूर्ण नाव लिहीत नाहीत.

आरटीके वापरणाऱ्यांसाठी एक. बेसकडून रोव्हरला ठरावीक क्रमांकांचे संदेश येतात, त्यांना आरटीसीएम म्हणतात; त्यांतल्या १००५ आणि १००६ मध्ये बेसच्या अँटेनाच्या तळाची जागा असते, आणि १००७ किंवा १०३३ मध्ये अँटेनाचं नाव. रोव्हरला ते नाव ओळखता आलं तरच तो बेसच्या बाजूची दुरुस्ती करतो. काही नेटवर्क सेवा दुरुस्ती आधीच करून पाठवतात आणि नावाच्या जागी ‘नल अँटेना’ लिहितात. ती वेगळी, तिथं नाव बदलायला जाऊ नका. पण स्वतःचा बेस लावून ते नाव रिकामं सोडलंत, तर माझ्यासारखी वेळ तुमच्यावरही येईल.

लेव्हल_सातारा:

आपल्याकडं रोबोट नाही. घरच्या घरी खात्री करायची असेल तर काय करावं? निदान दोन अँटेनांमधला फरक फाईलप्रमाणं आहे का, एवढं तरी?

कृष्णाकाठ:

ते करता येतं, आणि वर्षातून एकदा करावंच. उघड्या गच्चीवर ५-६ मीटरवर दोन ट्रायपॉड लावा. पाण्याची टाकी आणि पत्र्याच्या शेडपासून शक्य तेवढं लांब. दोन्हींवर ट्रायब्रॅक, म्हणजे अँटेनाची बैठक, घट्ट करा आणि मग त्यांना हात लावायचा नाही. दोन्ही अँटेनांच्या खुणा उत्तरेला. ३-४ तास मापं घ्या. दुसऱ्या दिवशी ट्रायब्रॅक तसेच ठेवून फक्त अँटेनांची अदलाबदल करा आणि पुन्हा तेवढाच वेळ घ्या.

दुसऱ्या दिवशी ४ मिनिटं आधी सुरू करा. जीपीएसचे उपग्रह रोज सुमारे ४ मिनिटं आधी त्याच जागी येतात, त्यामुळं टाकीवरून, कठड्यावरून परतणारा सिग्नल दोन्ही दिवशी जवळजवळ सारखा येतो आणि अदलाबदलीच्या वजाबाकीत बराचसा निघून जातो. याच कारणासाठी या चाचणीपुरतं फक्त जीपीएस वापरा. गॅलिलिओचे उपग्रह त्याच जागी यायला १० दिवस घेतात, ग्लोनासचे ८.

अंतर एवढं कमी की आयनोस्फिअर, वातावरण सगळं कटतं. फक्त एल१ वर, अँटेनाच्या सगळ्या दुरुस्त्या बंद करून दोन ट्रायपॉडमधला उंचीतला फरक दोन्ही दिवसांचा वेगवेगळा काढा. दोन उत्तरांची वजाबाकी करून निम्मी केली की दोन अँटेनांच्या ‘वर’ ऑफसेटमधला फरक. दोन्हींची सरासरी म्हणजे ट्रायब्रॅकमधला खरा उंचीफरक, तो ऑटो लेव्हलनं ताडून बघता येतो.

उंची तिरकी मोजत असाल तर तिथंही जपून. कडेपर्यंत तिरकं १.६०० मीटर आलं आणि अँटेनाची त्रिज्या १७ सेंटिमीटर असेल, तर सरळ उंची १.५९१ भरते. ९ मिलिमीटर तिथंच गेले. कुठल्या खुणेपर्यंत मोजलं ते चित्र काढून वहीत ठेवा, शब्दांत नको.

द्राक्षबाग:

माझा बेस म्हणजे स्वस्तातली चौकोनी पॅच अँटेना, शेडच्या पत्र्यावर चुंबकानं चिकटवलेली. ती चालेल का?

कृष्णाकाठ:

ओळींना चालतेय, चालू द्या. फक्त शेडच्या पत्र्यावरून काढून खांबावर घ्या आणि खाली हातभर नाही, निदान १०-१२ सेंटिमीटरची धातूची चकती मधोमध बसवा, कायमची. चकती बदलली, अँटेना कडेला सरकली, तरी फेज सेंटर हलतं.

लेव्हल_सातारा:

दोन रविवार वाट बघून शेवटी मागच्या शनिवार-रविवारी चाचणी केली. यवतेश्वराच्या बाजूला मैत्रिणीच्या घराची मोकळी गच्ची मिळाली. पहिल्या दिवशी उंचीतला फरक ०.१८७४ मीटर, अदलाबदलीनंतर ०.१२४६. वजाबाकी करून निम्मे म्हणजे ३१.४ मिलिमीटर. दोन्ही मॉडेलच्या फाईलमधला एल१ चा फरक ३३.० आहे. सरासरी ०.१५६०, आणि लेव्हलनं ०.१५५०.

१.६ मिलिमीटरचा फरक उरतोय. हा माझ्या अँटेनाचा, की माझ्या हाताचा?

कृष्णाकाठ:

ताई, पहिल्याच प्रयत्नात एवढं जुळलं म्हणजे काम फार नेटकं झालंय. दुसऱ्या दिवशी ४ मिनिटं आधी सुरू केलं होतं का? आणि कमी उंचीचे उपग्रह किती अंशांपासून घेतले? एकदा १० अंशांपासून आणि एकदा २० पासून असं प्रोसेसिंग करून बघा. उत्तर हललं तर तो दिशेप्रमाणं होणारा बदल आहे, तुमचा हात नाही.

लेव्हल_सातारा:

४ मिनिटांचं पाळलं होतं. १० अंशांपासून ३१.४, २० पासून ३२.६ आलं. दोन्ही मापांच्या फाईली आणि ट्रायब्रॅकचे फोटो खाली जोडते. तुमच्या सॉफ्टवेअरमध्येही एकदा चालवून बघाल का?

कृष्णाकाठ:

पाठवा. आज रात्रीच बसतो. अँटेनांची पूर्ण नावं, घुमटाच्या चार अक्षरांसकट, तेवढी सोबत लिहा.